डिझेल फिल्टर आपला आपण बदलायला शिकूया



बंदी संपत आली. जेटीवर जाळी शिवणं, रंगकाम, फळ्यांची डागडुजी सगळं जोरात चालू आहे. बर्फवाल्याशी, डिझेलवाल्याशी बोलणी झालीत. १ ऑगस्टला बोटी बाहेर पडतील. अशा वेळी डिझेल फिल्टरसारख्या बारीक गोष्टीवर लिहायला बसलो म्हणून काहीजण हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात बोट आहे किंवा मासळीची गाडी आहे, त्या घरातल्या निदान दोघांना डिझेल फिल्टर स्वतःच्या हाताने बदलता आला पाहिजे आणि इंजिनातली एअर काढता आली पाहिजे. "मेकॅनिक आहे ना", "ड्रायव्हर बघतो", "तांडेलाला माहीत असतं" ही उत्तरं मीसुद्धा बरीच वर्षं दिली. आता देत नाही. का ते सांगतो.

आमच्याकडे बोटीबरोबर एक जुनी डिझेल पिकअप आहे. जेटीवरून मासळी उचलायची, थोडी मडगावच्या बाजारात द्यायची, उरलेली बेळगावला न्यायची. दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. बांगडा आणि तारले भरून, वर बर्फ टाकून रात्री गाडी चोर्ला घाटाने निघाली. ड्रायव्हरबरोबर मी होतो. साखळीपर्यंत काही नाही. केरी सोडून घाट लागला तशी गाडी दम सोडायला लागली. एक्सलेटर पूर्ण दाबला तरी खेचेना. गिअर खाली टाकत टाकत वर चढलो आणि एका वळणावर गाडी बंद.

गंमत अशी की नवा फिल्टर गाडीतच होता. सीटखाली, डब्यात, तीन महिन्यांपासून. "वेळ मिळाला की बदलू" म्हणून ठेवलेला. ड्रायव्हर म्हणाला, बदलूया. मोबाईलच्या उजेडात जुना काढला, नवा लावला आणि चावी मारली. इंजिन सुरू होईना. परत मारली, परत मारली. शेवटी बॅटरी उतरली. एअर काढावी लागते एवढं ऐकून माहीत होतं, पण कुठला स्क्रू, कुठला पंप, दोघांनाही पत्ता नव्हता. फोनला रेंज नाही. बर्फाचं पाणी मागच्या फाळक्यातून टिपटिप गळत होतं आणि आम्ही ते ऐकत बसलो होतो.

पहाटे खानापूरकडच्या एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली. त्याने एक पाना मागितला, फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि बाजूचा छोटा हातपंप दाबायला लागला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. त्याच्या बॅटरीवरून वायर जोडली आणि आमचं इंजिन चालू झालं. दहा मिनिटांचं काम. आम्ही बेळगावात पोचलो तेव्हा बाजार उठला होता. मासळी ज्या भावाने गेली तो भाव इथे लिहीत नाही, लाज वाटते.

ते नुकसान पैशाचं होतं. भरून निघालं. पुढच्याच ऑगस्टमध्ये बोटीवर जे झालं त्याने मात्र माझी झोप उडवली.

बंदीनंतरची पहिलीच फेरी. बोटीवर माझा धाकटा भाऊ तांडेल, बाकी खलाशी. परत येताना नदीच्या मुखाशी, जिथे वाळूचा पट्टा आहे आणि लाट फुटते, तिथे इंजिनाचे फेरे पडायला लागले. वर, खाली, वर, खाली आणि बंद. नांगर टाकला तर नांगर धरेना, वाळूतून फरपटत यायला लागला. एका बाजूला खडक. मागून येणाऱ्या बोटीने दोर टाकला आणि ओढून आत आणलं म्हणून सगळे घरी आले. नंतर फिल्टर उघडला तर आत काळा गाळ, शेवाळासारखा बुळबुळीत, आणि तळाला पाणी.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला दगड लावून थांबता येतं. दर्यात बाजू नसते.

आता हे बंदीनंतरच का होतं ते समजून घ्या. जून आणि जुलै, एकसष्ट दिवस बोट उभी. टाकी अर्धी भरलेली. टाकीतल्या मोकळ्या जागेत पावसाळ्याची दमट हवा. रात्री टाकी गार झाली की आतून पाणी धरतं, जसं बर्फाच्या डब्याला बाहेरून धरतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते पाणी खाली जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि तोच काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. टाकी लोखंडी असेल तर गंजही येतो. बोट जेटीला उभी असेपर्यंत हे सगळं तळाशी गप्प पडून असतं. बोट बाहेर काढली, लाटेत डुलायला लागली, की तळ ढवळला जातो आणि गाळ सरळ फिल्टरमध्ये येतो. म्हणजे दर्या खवळलेला असतो, इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच फिल्टर तुंबतो. याला नशीब म्हणू नका.

जेटीवर इंजिन चालू करून "चांगलं चालतंय" म्हणण्यात अर्थ नाही, तेही याचसाठी. रिकाम्या फेऱ्यांवर इंजिनाला डिझेल थोडंच लागतं. अर्धा तुंबलेला फिल्टर तेवढं सोडतो. जाळं ओढताना किंवा भरलेली गाडी घाट चढताना जास्त डिझेल लागतं, तेव्हा खरं कळतं. सकाळी इंजिन सुरू व्हायला वेळ लागणं, लोडवर दम सोडणं, फेरे वरखाली होणं, ही सगळी आधीची हाक असते. आम्ही तिला "डिझेलच खराब आलंय" म्हणून सोडून देतो.

आता काम कसं करायचं ते. हे जुन्या पद्धतीच्या, म्हणजे साध्या फ्युएल पंपाच्या इंजिनासाठी सांगतो. आपल्याकडे बऱ्याच बोटींवर आणि जुन्या गाड्यांत तेच आहे. तरी आपल्या इंजिनाचं पुस्तक काय म्हणतं ते आधी बघा.

इंजिन बंद करून गार होऊ द्या. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, चाकाला दगड. बोटीत इंजिन खोलीचं झाकण उघडून हवा खेळू द्या. विडी नाही, स्टोव्ह नाही. टाकीचा कॉक बंद करा. फिल्टरच्या आजूबाजूला ब्रश आणि फडका मारून सगळी माती, मीठ, तेलकटपणा साफ करा. ही पायरी लोक टाळतात आणि मग नव्या फिल्टरमध्ये जुनी घाण जाते.

खाली डबा धरा. बहुतेक ठिकाणी दोन फिल्टर असतात. पहिला पाणी वेगळं करणारा, खाली वाटी किंवा काचेची बरणी असलेला. दुसरा बारीक गाळणारा, इंजिनाजवळचा. पहिल्याच्या तळाचा स्क्रू सैल करून त्यातलं डिझेल एका पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला किंवा काळे तुकडे दिसले तर दुखणं टाकीत आहे, हे समजा.

फिल्टर पट्ट्याच्या पान्याने उलटा फिरवून काढा. काढल्यावर जुनी रबर रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघा. ती वरच चिकटून राहिली आणि त्यावर नवी बसली तर तिथून एअर ओढणार किंवा डिझेल गळणार. हेडचा तळ स्वच्छ फडक्याने पुसा, धागे सुटणारा फडका नको. नव्या फिल्टरच्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. हाताने फिरवत न्या, रबर टेकली की फिल्टरवर जेवढा लिहिलाय तेवढाच पुढे फिरवा, साधारण अर्धा ते पाऊण फेरा. पान्याने आवळायचं नाही. आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी दर्यात निघत नाही. वाटीत सुटा कागदी फिल्टर बसणारा प्रकार असेल तर आतली आणि बाहेरची दोन्ही रबरं नवी घाला. फिल्टरबरोबर ती डब्यात येतात आणि डब्यासकट फेकली जातात.

आता एअर. कॉक उघडा. फिल्टर हेडवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप दाबत राहा. फेस येईल, बुडबुडे येतील. एकही बुडबुडा न येता डिझेलची सलग धार आली की पंप दाबलेलाच ठेवून स्क्रू आवळा. मग तसंच फ्युएल पंपावरच्या एअर स्क्रूला करा. त्यानंतर स्टार्टर मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थांबा, नाहीतर आमच्यासारखी बॅटरी जाते आणि स्टार्टरही तापतो. इंजिन लागलं की दहा मिनिटं रिकामं चालू द्या, सगळे जोड फडक्याने पुसून गळती बघा, मगच लोड द्या. शेवटी मार्करने फिल्टरवर तारीख आणि इंजिनाचे तास, गाडीचे किलोमीटर लिहा. ज्याने बदलला त्याचं नावही लिहा. जबाबदारी राहते.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो. त्या पाईपचे नट सैल करून एअर काढायची जुनी सवय तिथे कधीही वापरू नका. चालू इंजिनावर गळती हाताने चाचपू नका, ती बारीक धार कातडीत घुसते आणि हात जाऊ शकतो. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच हॉस्पिटल. शिवाय नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने भरून लावायचा नाही, कारण ते डिझेल गाळलेलं नसतं आणि सरळ पंपात जातं. हातपंप असेल तर तो, नाहीतर चावी नुसती चालू-बंद करून गाडीचा इलेक्ट्रिक पंप जेवढं भरतो तेवढं भरू द्या. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिसमध्येच बदला आणि बिल जपून ठेवा. तिथे हट्ट नको.

आता लोकांचं म्हणणं. मी जेटीवर हे बोललो तेव्हा तीन उत्तरं मिळाली.

एक, "मेकॅनिकच्या पोटावर पाय का?" अजिबात नाही. आमचा मेकॅनिक काका स्वतः म्हणतो, फिल्टरसाठी मला बोलवू नका, नोजल आणि पंप बिघडले की बोलवा. ३१ जुलैला चाळीस बोटी एकाच वेळी त्याला हाक मारतात. तो बिचारा एका बोटीवर पंधरा मिनिटं थांबून पळतो. घाईतलं काम कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. फिल्टर आपण बदलला तर त्याला खऱ्या कामाला वेळ मिळेल.

दोन, "खलाशी दर वर्षी बदलतात, शिकवून उपयोग काय?" हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, आंध्रची पोरं येतात. त्या दिवशी नांगर फरपटत होता तेव्हा बोटीवर तीच होती. भाऊ सुकाणूवर अडकलेला. इंजिनाजवळ उभा असलेला एक पोरगा नंतर मला म्हणाला, "शेठ, मुझे सिखाया होता तो मैं कर देता." मला उत्तर देता आलं नाही. जो माणूस आपल्या बोटीवर जीव घेऊन जातो त्याला ती बोट चालू कशी करायची हे माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या बोटीवर गेला तर ती बोट वाचेल. नुकसान कोणाचं झालं? इंजिनाजवळ हिंदीत लिहिलेला, प्लास्टिक मारलेला एक कागद लावा, चार फोटो लावा. शंभर रुपयांच्या आत होतं.

तीन, "दर महिन्याला फिल्टर कोण बदलणार, खर्च किती?" हिशेब करा. बोट दिवसाला दहा तास चालली आणि महिन्यात पंचवीस दिवस गेली तर अडीचशे तास झाले. कितीतरी इंजिनांच्या पुस्तकात बदलायचे तास याच्या आसपास लिहिलेले असतात. गाडीचंही तसंच. बर्फासाठी, मासळीसाठी रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहिलेले तास किलोमीटरमध्ये दिसत नाहीत, फिल्टरला मात्र दिसतात. आणि स्वस्तातला बनावट फिल्टर घेऊन वाचवलेले पैसे नोजल आणि पंपाच्या दुरुस्तीत व्याजासकट जातात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. फिल्टर बदलणं हे सगळ्या दुखण्यावर औषध नाही. चार दिवसांत फिल्टर परत तुंबत असेल तर फिल्टरला दोष देऊ नका, टाकी धुवा. टाकीत स्वतः उतरू नका, वाफेने माणूस गुदमरतो, ते काम जाणत्याकडून करून घ्या. आणि डिझेल भरताना गंजलेलं पिंप, पावसात उघडा पडलेला कॅन, मिठाने माखलेलं नरसाळं हे आधी बंद करा. बंदीला लागताना टाकी एकतर पूर्ण भरून ठेवा, नाहीतर रिकामी आणि कोरडी करून ठेवा. अर्धी ठेवणं सगळ्यात वाईट. या वर्षी ते राहिलं असेल तर निदान बाहेर पडण्याआधी तळाचं पाणी काढा, दोन्ही फिल्टर नवे लावा आणि नदीतच तासभर लोड देऊन चालवून बघा. बोटीत दोन जोडी फिल्टर, रबर रिंगा, तांब्याचे वॉशर, पाना आणि टॉर्च एका बंद डब्यात ठेवा. डबा इंजिनाजवळ, जाळ्यांच्या खाली नाही.

इंजिन बंद पडलंच तर आधी नांगर, मग लाईफ जॅकेट, मग वायरलेसच्या सोळा नंबर चॅनेलवर हाक, मग पाना. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, सगळ्यांनी आजच सेव्ह करा. फिल्टर येतो म्हणून मदत मागायला उशीर करू नका. दोन्ही एकाच वेळी चालू द्या.

काढलेलं डिझेल आणि जुने फिल्टर नदीत टाकू नका, हे सांगायला लागतं याचंच वाईट वाटतं. मांडवी असो, शापोरा असो, साळ असो, तिथेच आपल्या मासळीची पिल्लं वाढतात. डिझेलचा तवंग पाण्यावर दिसतो तेव्हा आपण सरकारला आणि मोठ्या जहाजांना शिव्या देतो. त्यातला आपला वाटा किती, तेही बघूया.

शेवटी संस्थेकडे तीन मागण्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस जेटीवर एक इंजिन उघडून ठेवा, मेकॅनिक काकांना त्या दिवसाचे पैसे द्या आणि प्रत्येक बोटीचे दोघे बोलवा, त्यातला एक खलाशी असलाच पाहिजे. दुसरं, चांगले फिल्टर संस्थेने एकत्र घ्यावेत, स्वस्त पडतील आणि बनावटीची भीती जाईल. तिसरं, जुनं तेल, डिझेल आणि फिल्टरसाठी झाकणाचं एक पिंप जेटीवर ठेवा आणि जुनं तेल नेणाऱ्या परवानाधारकाला ते द्या. यातलं एकही काम अनुदानाची वाट बघण्यासारखं नाही.

आमच्या घरी आता माझी मुलगी पिकअपचा फिल्टर बदलते. कॉलेजला जाते, मासळी विकायला आईबरोबर बाजारात बसते आणि एअर माझ्यापेक्षा लवकर काढते. पहिल्यांदा तिने पाना हातात घेतला तेव्हा शेजारची वहिनी म्हणाली, "पोरीला काय मेकॅनिक करणार?" मी म्हटलं, नाही वहिनी, पण चोर्ला घाटात रात्र काढायला मी तिला पाठवणार नाही.

या रविवारी दुपारी मी आमच्या बोटीचे दोन्ही फिल्टर बदलणार आहे. बघायचं असेल त्यांनी या, हात काळे करायची तयारी ठेवून या. पटलं तर आपल्या तांडेलाला आणि ड्रायव्हरला वाचून दाखवा. नाही पटलं तर जेटीवर भेटा, भांडूया. पण १ ऑगस्टच्या आत.